घाटात ए.सी. चालू ठेवायचा होता

लिब्रादो आर्विसूचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, असं दुकानातली माणसं म्हणतात. चढणारच. त्या माणसानं दीड वर्षात मला जेवढा वैताग दिला, तेवढा माझ्या दोन्ही नवऱ्यांनी मिळून दिला नव्हता, आणि दुसरा तर पिणारा होता.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, ब्रॉलीत, माझं रेडिएटरचं दुकान आहे. बापानं काढलं, बापानंतर एकतीस वर्षं मी चालवतेय. आमचं हे खोरं समुद्राच्याही खाली, कढईच्या बुडाला बसलेलं. जुलैत एकशे सोळा डिग्री झालं तर आम्ही म्हणतो, आज बरं आहे. सीमेपलीकडे मेक्सिकालीत सेल्सिअसनं मोजतात आणि त्यालाच सत्तेचाळीस म्हणतात, म्हणून ऐकायला जरा कमी वाटतं इतकंच. इथे लोकांच्या गाड्या तापतात तेव्हा माझी चूल पेटते. त्यामुळे गाडी का तापते हे मला कुणी शिकवायला येऊ नये. लिब्रादो यायचा.

लिब्रादो पाटकरी. पहाटे पाचला कालव्याची फाटकं उघडायची, लसूणघासाला, लेट्युसला पाणी सोडायचं, दहापर्यंत शेवटच्या शेताचं पाणी मोजून बंद करायचं. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, एक दिवस उशीर नाही. बुटका, मान जाड, बोलणं कमी. त्याच्या लेकीला, येसेनियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, तेव्हापासून तो आणि त्याची बायको आम्पारो मला ‘कोमाद्रे’, म्हणजे लेकीची धर्ममाता, म्हणतात. आमच्यात हे नातं सख्ख्या नणंदेपेक्षा जड. नणंद नशिबानं मिळते, कोमाद्रे आपण होऊन मागून घेतलेली असते, मग तक्रार कुणाकडे करणार?

आम्पारोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. सहा वर्षं झाली. एरवी ती काठी घेऊन घरभर फिरते, मक्याचे तमालेस करते, चर्चमधल्या बायकांची उणीदुणी काढते. पण अंग तापलं की संपलं. पायांतलं बळ जातं, डोळ्यांपुढे राखी पडदा येतो. अंग गार झालं की येतं सगळं परत. डॉक्टर म्हणतात, नेहमी परत येईल. आम्पारो म्हणते, डॉक्टरचे पाय गेलेत का कधी?

दर चार आठवड्यांनी तिला सलाइनमधून औषध द्यायला सॅन डिएगोला न्यावं लागतं. आणि सॅन डिएगो म्हणजे घाट. ओकोटिलो सोडलं की वाळवंटातून रस्ता सरळ डोंगराच्या अंगावर चढतो, आणि सुरुवातीलाच सरकारी बोर्ड आहे: गाडी तापू नये म्हणून पुढचे दहा मैल ए.सी. बंद ठेवा. सगळं खोरं तो बोर्ड दिसला की मुकाट्यानं बटण दाबतं, काचा खाली करतं आणि दहा मैल शिव्या देत चढतं. लिब्रादोची गाडी त्र्याहत्तर सालची, लांबलचक स्टेशन वॅगन. आठ सिलिंडर, पण सगळे म्हातारे. ए.सी. चालू ठेवला की चौथ्या मैलाला काटा लाल पट्टीला टेकायचा.

दीड वर्षापूर्वीच्या जुलैत त्यानं बोर्ड बघून ए.सी. बंद केला. दहा मैल. वर पोचेपर्यंत आम्पारोचे पाय गेले, नजर गेली. हॉस्पिटलच्या दारात चाकाची खुर्ची मिळेना, तेव्हा यानं तिला उचलून आत नेलं. तिची एक चप्पल वाटेत पडली. आम्पारोनं मला हे हसत हसत सांगितलं, म्हणाली, “लग्नातसुद्धा उचललं नव्हतं मेल्यानं.” लिब्रादो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, “कोमाद्रे, घाटात ए.सी. बंद करायचा नाही. काय वाट्टेल ते होऊ दे.”

मी म्हटलं, शहाणा माणूस. इतकं सोपं काम कुणी माझ्याकडे आणत नाही. “हे बघ, चार पदरी रेडिएटर घालते. पंख्याला नीट आडोसा करते, गिअरच्या तेलाला वेगळी जाळी लावते. मग दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसनं चढ. ए.सी. चालेल, बायको गार राहील.”

“चाळीसनं?”

“चाळीसनं.”

“ट्रकांच्या मागून?”

“ट्रकवाल्यांच्या बायका नसतात का? चढतात ना तेही?”

त्यानं मान हलवली. त्याच्या डोक्यात आधीच शिजलं होतं. म्हणाला, “कोमाद्रे, या इंजिनात जोर नाही, म्हणून ते तापतं. जोर वाढवला की घाट अकरा मिनिटांत संपेल. मग तापायला वेळच कुठे मिळतो?”

आता यावर काय बोलणार? मी बोलले. भरपूर बोलले. म्हटलं, बाबा रे, डोंगर तेवढाच आहे. तोच निम्म्या वेळात चढलास तर मिनिटाला दुप्पट जाळ होतो, आणि तो सगळा माझ्या या जाळीतूनच बाहेर पडायचा आहे. बाहेरची हवाच जर एकशे पंधराची असेल तर ती काय गार करणार, कपाळ? आजार म्हशीला आणि औषध पखालीला चाललंय तुझं.

तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही रेडिएटर विकता, म्हणून तुम्हाला सगळीकडे रेडिएटरच दिसतो.”

एकतीस वर्षांचा धंदा आणि बापाची पुण्याई एका वाक्यात धुऊन काढली. मी त्याला दाराबाहेर काढलं, आणि आतून कोक आणून दिला, कारण बाहेर ऊन होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरी गाडी घ्यायची. नव्या गाडीची ऐपत नव्हती, आणि जुन्यातली बरी घेतली तर तिला हात लावता येत नाही. कॅलिफोर्नियात पंच्याहत्तरपर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही, त्यानंतरच्या गाडीचा एक नट बदलला तरी सरकार विचारतं, का बदलला? म्हणून आमच्याकडचे हौशी लोक जुन्या गाड्यांना देवासारखं धरून असतात. मी माझा पिकअप देऊ केला, तर आम्पारोला त्यात चढता येईना, पायरी मांडीएवढी उंच. आणि पहाटे गारव्यात निघा म्हटलं, तर पहाटे पाणी सुटतं. सुटीचा अर्ज द्यायला त्या माणसाचा हात वळत नाही. येसेनिया फिनिक्सला असते, ती दर महिन्याला कशी येणार? म्हणजे सगळी दारं बंद, एक उघडं, आणि त्यात मी रेडिएटर घेऊन उभी होते.

नोव्हेंबरात त्यानं वॅगन अंगणात ठोकळ्यांवर चढवली. मेक्सिकालीतला नाबोर नावाचा एक मिस्त्री दर रविवारी यायचा. दोघांनी भंगारातून टर्बो आणला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा कोंबली की ती तापते, म्हणून ती गार करायला आणखी एक जाळी लागते. ती त्यांनी एका डिझेल ट्रकची काढून आणली, दार भरेल एवढी. मी विचारलं, “ही ठेवणार कुठे?”

“पुढे. सगळ्यात पुढे. ताजी हवा मिळायला नको?”

“आणि तिच्या मागे?”

“ए.सी.ची जाळी.”

“आणि त्याच्या मागे?”

“रेडिएटर.”

“म्हणजे पहिली जाळी आपली गरम हवा ए.सी.च्या तोंडावर फुंकणार, ए.सी. ती आणखी तापवून रेडिएटरला देणार. अरे, नाकापेक्षा मोती जड झालाय!”

नाबोर पाना पुसत म्हणाला, “बाई, मेक्सिकालीत मी अशा चाळीस गाड्या केल्यात.”

“आणि त्या चाळीस कुठे आहेत आता?”

नाबोरनं पाना खिशात टाकला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. लिब्रादो मात्र दोघांचंही ऐकत नव्हता. तो गाडीखाली होता. तो हिवाळाभर गाडीखालीच होता. आम्पारो खिडकीशी बसून त्याचे बूट बघायची. एकदा मला म्हणाली, “कोमाद्रे, याचा चेहरा कसा होता गं?”

आणि इथे आमच्या खोऱ्याचा खरा मूर्खपणा सांगायला हवा, कारण तो एकट्या लिब्रादोचा नाही. आमच्याकडे गाडीची मोठी कामं थँक्सगिव्हिंग ते इस्टर, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, एवढ्यातच होतात. मेनंतर पाना बादलीतल्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर तळहाताची कातडी सोलते. म्हणून प्रत्येक गाडी हिवाळ्यात बांधली जाते, हिवाळ्यातच घाटावर नेऊन पास केली जाते, आणि मालक छाती काढून फिरतो. जूनमध्ये तो माझ्या दारात उभा असतो. मी हे आयुष्यभर बघतेय, लिब्रादोही बघत आलाय. तरी फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो दुकानात आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

“दहा मिनिटं चाळीस सेकंद,” तो म्हणाला. “ए.सी. चालू. काटा मधोमध. हलला नाही.”

“बाहेर किती होतं?”

“ते काय करायचंय?”

“किती होतं, लिब्रादो?”

“बासष्ट.”

मी हातातला ब्रश खाली ठेवला. “बासष्टमध्ये माझी आजी पाठीवर पोतं घेऊन तो घाट चढेल, आणि तिला जाऊन बावीस वर्षं झाली.”

तो हसला. खरंच हसला, आणि मला त्याच्या त्या हसण्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. कारण इतकं निर्मळ हसताना मी त्याला येसेनियाच्या बाप्तिस्म्यानंतर पाहिलं नव्हतं.

मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. दर महिन्याला वॅगन ट्रकांना मागे टाकत शिट्टी वाजवत घाट चढायची. टर्बोची शिट्टी, नवऱ्याची नाही. जूनमध्ये मी आम्पारोला विचारलं, “ए.सी. कसा चाललाय?”

“छान.”

“आम्पारो.”

ती काठीनं जमिनीवर रेघ ओढत बसली. मग म्हणाली, “कोमट येतो. घाट लागला की कोमट, शेवटच्या मैलांना नुसता वारा. मी याला सांगितलं, छान गार आहे.”

“आणि पाय?”

“पाय ओढत नेले. त्याला म्हटलं, बसून बसून मुंग्या आल्यात.”

“तू वेडी आहेस का गं?”

“अख्खा हिवाळा तो त्या गाडीखाली पडला होता, हेर्लिंदा. तूच सांग, कसं सांगू?”

ती मला नावानं हाक मारते तेव्हा पुढे बोलायचं नसतं. मी बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. त्याची मुंडी धरून सांगायला हवं होतं. इतकी तोंडाळ म्हणून गावभर ओळखली जाणारी मी, आणि जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प बसले. मीही त्या मूर्खपणात भागीदार, हे आधीच सांगून टाकते.

जुलैत देवानं वाचवलं. येसेनिया आठवड्यासाठी आली होती, ती आपल्या गाडीतून आईला घेऊन गेली. लिब्रादोला ते फारसं रुचलं नाही. ऑगस्टच्या वारीला आम्पारोनं मला सांगितलं, “तू चल बरोबर. तो तुझं ऐकतो.” तो माझ्या बापाचंसुद्धा ऐकत नव्हता, पण मी दुकान बंद केलं आणि गेले.

अकरा वाजता निघालो. ओकोटिलोला एकशे चौदा होतं. आम्पारो मागच्या सीटवर आडवी, बर्फाच्या पेटीवर पाय ठेवून. मी पुढे. बोर्ड आला. पुढच्या गाड्यांच्या काचा एकामागून एक खाली होत गेल्या. लिब्रादोनं बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही, पाय दाबला. शिट्टी सुरू झाली, आणि मी खोटं बोलणार नाही, त्या म्हाताऱ्या गाडीनं जी झेप घेतली, तिनं मी सीटला चिकटले. ट्रक मागे, घरगाड्या मागे. लिब्रादो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

दुसऱ्या मैलाला मी हात ए.सी.च्या झरोक्यापुढे धरला. कोमट. तिसऱ्याला वारा. मग इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते.

“पाय काढ,” मी म्हटलं.

“थोडंच राहिलंय.”

“सहा मैल राहिलेत. पाय काढ! काटा बघ!”

काटा लाल पट्टीत होता. आणि आता एकच उपाय होता, जो या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो: ए.सी. बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची आग गाडीत ओढून घ्यायची. माणसं भाजतात, इंजिन वाचतं.

माझा हात बटणाकडे गेला. लिब्रादोनं तो धरला. घट्ट.

“नाही, कोमाद्रे.”

“इंजिन जाईल!”

“जाऊ दे.”

“आणि ते गेल्यावर या उन्हात ती बसणार कुठे? अक्कल गहाण ठेवलीस का?”

मागून आम्पारो म्हणाली, “भांडू नका. मला तुम्ही दोघं दिसत नाही आहात नीट.”

त्यानं गाडी कडेला घेतली. रेडिएटरसाठी सरकारनं पाण्याची टाकी ठेवलेली असते, त्या जागेवर. सावली नावाला नाही. इंजिन बंद पडलं ते पांढरा धूर सोडतच. बॉनेट उघडवेना इतकं तापलं होतं. आम्ही बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवून आम्पारोच्या मानेला, मांड्यांना लावत राहिलो. पेटीतला बर्फ संपेपर्यंत वीस मिनिटं गेली. लिब्रादो तिच्यावर उन्हाच्या बाजूनं उभा राहिला, शर्ट दोन्ही हातांनी पसरून. त्याच्या पाठीवरून धार लागली होती. मी एक क्षण बोलायची थांबत नव्हते. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

हायवेचा पोलीस आला. तरुण, सभ्य. त्यानं आम्पारोला उचलून आपल्या गार गाडीत ठेवलं आणि मग लिब्रादोकडे वळून विचारलं, “साहेब, खाली बोर्ड आहे. ए.सी. बंद का नाही केला?”

लिब्रादोनं त्याच्याकडे बघितलं. मग आम्पारोची काठी आणून त्याच्या हातात दिली. पोलिसानं आम्हा दोघींना खाली खोऱ्यातल्या एल सेंट्रोच्या हॉस्पिटलात नेलं. लिब्रादो ओढायच्या ट्रकची वाट बघत तिथेच राहिला. सॅन डिएगोची वेळ चुकली, औषध अकरा दिवस लांबलं.

आम्पारोची नजर संध्याकाळपर्यंत आली. पाय यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत तिची विनोदबुद्धीसुद्धा गेली होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता कुणालाही वाटेल, झालं, धडा मिळाला. छे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर इंजिन अंगणात साखळीला लटकत होतं, आणि लिब्रादो बादलीतून पाना काढत होता. एकशे बारा डिग्रीत.

“नाबोर म्हणतो, इंजिनात पाण्याचा फवारा सोडला की खडखड थांबते,” तो म्हणाला. “आणि मोठी जाळी छपरावर लावायची. मग ए.सी.च्या वाटेत येणार नाही.”

“छपरावर.”

“हो.”

“लिब्रादो, मी तुझ्या पाया पडते. चार पदरी रेडिएटर फुकट घालते. चाळीसनं चढ.”

“चाळीसनं पंधरा मिनिटं लागतात, कोमाद्रे. पंधरा मिनिटं ती भट्टीत.”

“ए.सी. चालू असेल तर भट्टी कुठली?”

“पण बंद पडला तर?”

तेव्हा मला कळलं की याच्याशी गाडीबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता, कधीच नव्हता. त्याला तो दहा मैलांचा रस्ताच नको होता. मी आत गेले.

आम्पारो स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर एक कागद होता. पेशंटना घेऊन जाणारी व्हॅन असते, विम्यातून मिळते, तिचा अर्ज. नर्सनं तिला तो दोन वर्षांपूर्वीच दिला होता.

“दोन वर्षं?” मी खुर्चीतच बसले. “आम्पारो, दोन वर्षं? आणि मी त्या बैलाशी डोकं फोडत होते!”

“ओरडू नकोस. त्याला मला स्वतःच न्यायचं होतं, म्हणून ठेवून दिला. आता तू लिही.”

मी लिहिलं. नाव, जन्मतारीख, आजार. सोबत येणारी व्यक्ती, असा रकाना होता. तिनं सांगितलं, लिब्रादो लिही. मग खिडकीतून हाक मारली, “म्हाताऱ्या, आत ये!” तो आला, हात ग्रीसनं काळे, दारातच थांबला.

ती म्हणाली, “पुढच्या वेळी मी व्हॅननं जाणार. तुझं नाव घातलंय.”

“गाडी होईल महिनाभरात.”

“गाडी झाली तर तू चालव. मी बसणार नाही तिच्यात.”

“आम्पारो...”

“मी तुला खोटं सांगितलं, जूनमध्ये. गार नव्हतं. मी पाय ओढत नेले. आता मला खोटं बोलायचं नाही आणि पायही ओढायचे नाहीत.”

तो बाहेर गेला आणि साखळी हळूहळू सोडून इंजिन जमिनीवर ठेवलं. त्यावर जुनी चादर टाकली. माझ्या दुकानाकडे तो आठवडाभर फिरकला नाही, आणि मी तरी कुठे गेले होते त्याची मनधरणी करायला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी व्हॅन आली. त्यानं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सुटी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला. हे मला आम्पारोनं फोनवर सांगितलं. त्यापुढचं मात्र लिब्रादोनं स्वतः सांगितलं, बुधवारी, पाणी बंद करून दुकानात आला तेव्हा. मी त्याच्यासाठी वर्षभराचा शिव्यांचा साठा जपून ठेवला होता. तो काउंटरला टेकून उभा राहिला आणि मी काही बोलायच्या आत सुरू झाला.

“एक पोरगी चालवत होती, कोमाद्रे. येसेनियापेक्षा लहान. च्युइंग गम चघळत. एका हातानं स्टिअरिंग.”

“बरं मग?”

“बोर्ड आला. तिनं बघितलंही नाही. एकशे दहा होतं बाहेर. पंचेचाळीसनं चढत होती, ट्रकांच्या मागून, गाणी ऐकत. काटा हलला नाही. मी सगळा वेळ काट्याकडेच बघत होतो. शेवटी तिला विचारलं, किती हॉर्सपॉवर आहे हिला?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, काय माहीत काका, मी फक्त चालवते.”

मला हसू फुटणार होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून राहिलं.

“मग सहाव्या मैलाला,” तो म्हणाला, आणि काउंटरवरचा एक क्लॅम्प उचलून बोटांत फिरवत राहिला, “आम्पारोनं माझ्या बाहीला धरून ओढलं. मला वाटलं, झालं, गेले पाय. मी म्हटलं, काय होतंय? तर म्हणते, लिब्रादो, थंडी वाजतेय रे.”

“मग?”

“शर्ट काढून तिच्या पायांवर घातला. वर पोचेपर्यंत ती झोपली.”

मागे कुणीतरी गळकी टाकी घेऊन आलं होतं, ते हाक मारत होतं. मी त्याला हातानं थांबवलं. लिब्रादोनं क्लॅम्प परत जागेवर ठेवला.

“माझ्या गाडीत तिला थंडी नाही वाजली, कोमाद्रे,” तो म्हणाला. “एकदाही नाही.”